वाचकांचे प्रश्न: हिमयुगातल्या तळ्यांची वाळू आणि तिच्यावर उभं राहिलेलं जंगल

मागच्या अंकात अमेरिकेतल्या ग्रेट लेक्सच्या उत्तर भागातल्या जंगलांवर लेख आला होता, त्यात एक ओळ होती की मिशिगनमधली बरीचशी झाडं हिमयुगातल्या तळ्यांनी मागे ठेवलेल्या वाळूवर उभी आहेत, आणि त्या एका ओळीवरच एवढे प्रश्न आले की ह्या वेळचं अख्खं सदर त्यालाच देतोय. काही प्रश्न तिथेच राहणाऱ्या वाचकांचे आहेत, काही भूगोल आणि कृषी शिकणाऱ्या मुलामुलींचे. सारखे वाटले ते एकत्र केलेत.

प्रश्न: तळ्याच्या तळाशी चिखल साचतो असंच आपण शिकलो. मग हिमनदीच्या तळ्यातून वाळूची माती कशी काय झाली? आणि एवढी मोठी तळी गेली कुठे?

चिखलही साचतो आणि वाळूही साचते, फक्त दोघांची जागा वेगळी असते. बर्फ वितळून येणारं पाणी डोंगर-खडक घासून काढलेला सगळा माल घेऊन येतं, दगड, गोटे, वाळू, बारीक गाळ आणि त्याहून बारीक चिकणमाती, सगळं एकत्र. ते पाणी धावतंय तोवर सगळं वाहतं, तळ्यात शिरून थांबलं की जड माल आधी टाकतं. आता हा आधी-नंतरचा फरक किती मोठा आहे बघा: दशांश मिलिमीटरचा वाळूचा कण थंड, स्थिर पाण्यात एक मीटर खाली जायला दोन-तीन मिनिटं घेतो, त्याच्या दहाव्या हिश्शाचा गाळाचा कण काही तास घेतो, आणि चिकणमातीचा हजारांश मिलिमीटरचा कण दोन-तीन आठवडे तरंगत बसतो. त्यामुळे नदी जिथे तळ्यात शिरते तिथे आणि काठाकाठाने वाळू, आणि पार आत खोल पाण्यात चिकणमाती. आत साचलेल्या मातीत तर उन्हाळ्याचा फिका थर आणि हिवाळ्याचा काळपट थर अशी दर वर्षाची जोडी दिसते, कारण हिवाळ्यात वरून तळं गोठलं की पाणी अगदी निवांत होतं आणि तेव्हाच बारीक कण खाली बसतात. स्वीडनच्या गेरार्ड डी गीर ह्या भूवैज्ञानिकाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून ह्या जोड्या मोजून बर्फ कधी मागे हटला त्याचं वर्षावर्षाचं कॅलेंडरच मांडलं.

आपण ज्या मातीबद्दल बोलतोय ती काठाजवळची. तळं तिथे उथळ होतं, लाटा सारख्या येत-जात होत्या, आणि लाट जी असते ती चाळणीचं काम करते, बारीक कण उचलून आत ढकलते आणि एकाच मापाची वाळू मागे राहते. म्हणून ह्या मातीत दगड जवळपास नसतातच. फावडं सरळ आत जातं. कधीतरी मधेच एखादा एकटा धोंडा सापडतो, तो बहुतेक तरंगत आलेल्या हिमखंडातून वितळून खाली पडलेला.

तळी गेली कुठे, तर बहुतेकांची एक भिंत बर्फाचीच होती. बर्फ मागे सरकला, नवी वाट उघडली, पाणी उतरलं. ह्युरन आणि मिशिगन ह्या आजच्या सरोवरांच्या जागी साधारण बारा-तेरा हजार वर्षांपूर्वी अल्गाँक्विन नावाचं एक प्रचंड तळं होतं, मॅकिनॉ बेटावर त्याच्या लाटांनी कोरलेले काठ आजच्या पाण्याच्या खूप वर दिसतात, कारण बर्फाचं ओझं गेल्यावर जमीनही हळूहळू वर आली, अजून येतेय. विस्कॉन्सिनमध्ये तर बर्फाचा बांध बाराबू टेकड्यांपाशी फुटला आणि अख्खं तळं एकदम रिकामं झालं, त्या पुराने कोरलेल्या घळी आज विस्कॉन्सिन डेल्स म्हणून लोक बघायला जातात आणि मागे राहिलेलं सपाट वाळूचं मैदान म्हणजे तिथला सेंट्रल सँड्सचा भाग.

एक टप्पा लोक विसरतात तो म्हणजे वारा. पाणी उतरलं तेव्हा ही वाळू उघडी पडली, झाडं यायला वेळ लागला, तेवढ्या काळात वाऱ्याने तिच्या टेकड्या केल्या. मिशिगनच्या उत्तरेकडच्या अप्पर पेनिन्सुला ह्या भागात सिनी नावाच्या ठिकाणाच्या आसपास दलदलीच्या मधोमध ह्या जुन्या वाळूच्या टेकड्या आहेत, वर पाइन आणि भोवती पाणथळ.

प्रश्न: आम्ही उत्तर मिशिगनमध्ये थोडी जंगलाची जागा घेतली. कुंपणाच्या खांबासाठी खड्डा खणला तर वर काळपट, मग एकदम राखेसारखी पांढुरकी वाळू, आणि त्याखाली गंजासारखी लालसर. कोणी पूर्वी इथे काही केमिकल टाकलं असेल का? माती बदलावी लागेल का?

अजिबात नाही, आणि कृपा करून बदलू नका. तुमच्या खड्ड्यात जे दिसतंय ते हजारो वर्षांचं काम आहे आणि जमीन निरोगी असल्याचीच खूण आहे. अशा मातीला पॉडझॉल म्हणतात, अमेरिकन वर्गीकरणात स्पोडोसॉल.

होतं असं की वर पाइनच्या सुया, हेमलॉकचा पाला साचतो, थंडीमुळे तो पटकन कुजत नाही, अर्धवट कुजतो आणि त्यातून सेंद्रिय आम्लं सुटतात. पाऊस आणि विशेषतः वसंतात वितळणारा बर्फ ही आम्लं घेऊन खाली झिरपतो. वाळूचे कण मुळात क्वार्ट्झ ह्या खनिजाचे, रंगहीन, त्यांना जो पिवळसर-तपकिरी रंग दिसतो तो वरच्या लोहाच्या पातळ लेपाचा असतो. आम्लं तो लेप सोडवतात, लोह आणि अ‍ॅल्युमिनियम बरोबर घेऊन खाली जातात, वर उरते ती धुतलेली राखाडी वाळू. थोडं खाली गेल्यावर हेच लोह, अ‍ॅल्युमिनियम आणि काळं सेंद्रिय द्रव्य पुन्हा कणांवर चिकटतं, तो तुमचा गंजाच्या रंगाचा थर. काही ठिकाणी हा थर इतका घट्ट होतो की फावड्याला खडकासारखा लागतो, त्याला ऑर्टस्टाइन म्हणतात, मुळं तिथे अडून आडवी वळतात.

ह्याला किती वेळ लागतो हे मिशिगनमध्ये फार सुंदर रीतीने समजलं, आणि त्याचं कारण तळ्यांचेच जुने काठ. सरोवराची पातळी वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या उंचीवर होती, प्रत्येक वेळी तिने वाळूचा एक काठ मागे ठेवला, म्हणजे वाळू तीच, हवामान तेच, फक्त वय वेगळं. १९६३ मध्ये फ्रान्झमायर आणि व्हाइटसाइड ह्या संशोधकांनी असे काठ शेजारी शेजारी ठेवून तुलना केली आणि पुढे इतरांनीही केली. आजच्या काठावर नुसती वाळू, काही हजार वर्षांच्या काठावर अंधूक राखाडी पट्टा, आणि अल्गाँक्विनच्या वेळच्या वाळूवर ठळक राखाडी आणि खाली चांगला जाड लाल थर. तुमचा खड्डा ठळक रंगाचा असेल तर तुम्ही बहुतेक जुन्या काठावर आहात.

मिशिगनने तर १९९० मध्ये कॅल्कॅस्का सँड ही अशीच रंगीत थरांची माती राज्याची माती म्हणून निवडली. ती सगळी तळ्यातलीच आहे असं नाही, बरीचशी बर्फाच्या पाण्याने मैदानात पसरलेली वाळू आहे, पण घडण्याची रीत हीच.

प्रश्न: आमच्या भागात एकाच वाळूवर एका बाजूला उंच शुगर मेपल आहेत आणि पाव मैलावर खुरटे जॅक पाइन. वरची माती हातात घेतली तर काडीचा फरक नाही. मग हे कसं?

हा प्रश्न आला ह्याचा मला खूप आनंद झाला, कारण तळ्यातल्या वाळूबद्दल एकच गोष्ट सांगायची वेळ आली तर मी हीच सांगेन. वरून बघून ही माती कळत नाही. फरक खाली असतो आणि बऱ्याचदा तो बोटभरच जाड असतो.

आधी पाण्याचा हिशोब. शुद्ध वाळूचा एक मीटर थर झाडाला वापरता येईल असं पाणी धरतो ते साधारण पाच ते आठ सेंटिमीटर, चांगली पोयट्याची माती तेवढ्याच खोलीत पंधरा-वीस सेंटिमीटर धरते. भर उन्हाळ्यात जंगल दिवसाला तीन-चार मिलिमीटर पाणी सहज वापरतं, म्हणजे पाऊस थांबला की नुसत्या वाळूवरचं झाड दोन-तीन आठवड्यांत अडचणीत. जॅक पाइनला हे झेपतं, शुगर मेपलला नाही झेपत.

आता तळ्याची करामत. तळ्यात वाळू साचत असताना मधेच एखादं वर्ष शांत गेलं, नदीने वाट बदलली, पाणी थोडं खोल झालं, की वाळूवर बारीक गाळाचा एक पातळ थर बसतो आणि पुन्हा वर वाळू येते. हा थर काही मिलिमीटरचा असो की काही सेंटिमीटरचा, तो दोन कामं करतो, स्वतः पाणी धरतो आणि वरून येणाऱ्या पाण्याला थोडा वेळ अडवतो. असे तीन-चार थर दोन मीटरच्या आत आले की झाडाचा उन्हाळा बदलतो. शिवाय मुळं तिथे जाऊन पसरतात, खड्ड्याच्या भिंतीवर तुम्हाला दिसेल की नुसत्या वाळूत तुरळक मुळं आणि ह्या पट्ट्यात एकदम बारीक मुळांचं जाळं, आणि बारीक कणांवर कॅल्शियम, पोटॅशियम टिकून राहतं ते वाळूवर राहत नाही, म्हणून पाण्याबरोबर खाणंही तिथेच मिळतं. मिशिगनच्या वाळूत १९७० च्या सुमारास झालेल्या अभ्यासात हे पट्टे कुठे आहेत आणि झाडांची वाढ कुठे चांगली आहे हे एकमेकांशी जुळलेलं दिसलं, आणि तेव्हापासून तिथले जंगल खात्याचे लोक जमिनीची प्रत ठरवताना वाळूत पट्टे आहेत का हे आवर्जून बघतात.

दुसऱ्या प्रकारचे पट्टे नंतर तयार होतात. पावसाचं पाणी थोडीशी चिकणमाती आणि लोह घेऊन खाली जातं आणि ठराविक खोलीवर नागमोडी तपकिरी रेघांच्या रूपात सोडतं, ह्यांना लॅमेली म्हणतात. हे तळ्याच्या थरासारखे सरळ नसतात, वाकडेतिकडे जातात, एकमेकांना जोडले जातात. झाडाच्या दृष्टीने काम तेच.

तिसरी गंमत अशी की जाड्या वाळूचा थरही पाणी अडवू शकतो. ऐकायला उलटं वाटतं. पण ओला स्पंज जाळीवर ठेवला तर त्यातलं सगळं पाणी खाली गळत नाही ना, तसंच वर बारीक वाळू आणि खाली एकदम जाडी रेती असली की बारीक वाळूतलं पाणी सहजी खाली उतरत नाही, वर लटकून राहतं, मुळांना मिळतं.

आणि चौथं, कदाचित तुमच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचं, भूजल किती खोल आहे. तळ्याचं मैदान सपाट असतं, दोन-तीन फुटांचा चढउतारही पुरतो. मिशिगनच्या मृदा नकाशांत ह्या वाळूंची एक साखळीच आहे: उंचावर रुबिकन, तिथे पाणी पार खोल, जॅक आणि रेड पाइन, जरा उतरलं की क्रॉसवेल, अजून उतरलं की ऑ ग्रे, तिथे वर्षातला काही काळ पाणी जवळ येतं, आणि सखल भागात रॉस्कॉमन, तिथे ते वरपर्यंत असतं आणि सीडर, दलदलीची झाडं. चारही वाळूच, सगळ्या एकाच तळ्यातल्या असू शकतात. पाणी किती वर येतं त्याची खूण मातीत लिहिलेली असते, उन्हाळ्यात कोरडी असली तरी राखाडी मातीत गंजाचे ठिपके दिसले म्हणजे वसंतात तिथे पाणी उभं होतं.

तुमच्या मेपलखाली पट्टे असतील किंवा भूजल बेताच्या खोलीवर असेल, जॅक पाइनखाली दोन्ही नसेल असा माझा अंदाज आहे. खात्री करायची तर दोन्हीकडे गिरमिटाने दोन मीटरपर्यंत छिद्र घ्या आणि दर वीतभर माल काढून क्रमाने पानावर मांडा. वरच्या फुटावर थांबू नका.

प्रश्न: एवढी जमीन आहे, पाणी आहे, मग लोक शेती का करत नाहीत? खत टाकून होणार नाही का?

केली होती. १८७० ते १९०० च्या दरम्यान तिथला व्हाइट पाइन जवळजवळ सगळा तोडला गेला, लाकडाच्या कंपन्यांचं काम संपलं, आणि मग ती उजाड जमीन शेतीसाठी विकायची मोठी मोहीम चालली. पहिली एक-दोन पिकं येतातही, कारण जंगलाने साठवलेला पालापाचोळा आणि आगीची राख असते. ते संपलं की खाली नुसती वाळू. सिनीच्या दलदलीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मैलोन् मैल चर खणून पाणी काढलं, जमिनी विकल्या, आणि शेतं एकामागून एक सोडून द्यावी लागली, शेवटी १९३५ मध्ये तिथे वन्यजीव अभयारण्य झालं. अशी कितीतरी जमीन कर न भरल्यामुळे राज्याकडे परत आली आणि आज तिथल्या राज्य वनांचा मोठा भाग तोच आहे. ज्या कुटुंबांनी आपली सगळी पुंजी त्या वाळूत घातली त्यांचं वाचून मला आजही वाईट वाटतं, कारण जमीन कशी आहे हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं, मिशिगनने आपल्या उत्तरेकडच्या जमिनींची नीट पाहणी सुरू केली ती १९२२ मध्ये, तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

खताचं म्हणाल तर वाळूला धरून ठेवायची ताकदच कमी, आज टाकलेलं नायट्रेट एका मोठ्या पावसात मुळांच्या खाली. सिंचन आणि थोडं थोडं खत देऊन शेती होते, विस्कॉन्सिनच्या सेंट्रल सँड्समध्ये बटाटा मोठ्या प्रमाणात होतो, पण त्याची किंमत भूजल मोजतं, लिटल प्लोव्हर नावाची तिथली छोटी नदी २००५ मध्ये काही पट्ट्यात कोरडी पडली.

शिवाय थंडी. कोरडी वाळू रात्री पटकन गार होते आणि सपाट सखल भागात गार हवा साचते, काही वर्षी तर ऐन उन्हाळ्यातही दव गोठतं.

प्रश्न: जंगल छान दिसावं म्हणून खालचा पालापाचोळा, फांद्या साफ केल्या तर चालेल का? आणि माती सुधारायला गांडुळं सोडावीत असा सल्ला एकाने दिलाय.

दोन्ही करू नका. इथे जरा जोर देऊन लिहितोय कारण ह्यात नुकसान सहज होतं आणि भरून यायला पिढ्या जातात.

चांगल्या काळ्या मातीत झाडाचं खाणं मातीच्या कणांवर साठलेलं असतं. ह्या वाळूत ते जवळपास नसतंच, क्वार्ट्झच्या कणाला काही चिकटत नाही, थोडंफार फेल्डस्पार खनिज असतं ते हळूहळू झिजून पोटॅशियम, कॅल्शियम देतं, बस. बाकी सगळा व्यवहार वरच्या काही सेंटिमीटरमध्ये चालतो. सुया पडतात, बुरशी त्या कुजवते, त्याच बुरशीचे धागे मुळांना जोडलेले असतात आणि अन्न सरळ मुळात पोचवतात, वाळूत उतरायच्या आधीच. पाणीही तोच थर धरतो आणि जमीन गारही तोच ठेवतो. तो थर उचलून नेलात की जंगलाचं सगळं भांडवल ट्रॉलीत भरून नेलंत.

झाड तोडतानाही हेच लक्षात ठेवायचं. खोडात अन्न कमी असतं, सुया, पानं आणि बारीक फांद्यांत जास्त, त्यामुळे खोड न्या पण फांद्या-पाला तिथेच राहू द्या. अख्खं झाड ओढून नेणं सुपीक जमिनीवर एकवेळ चालेल, इथे नाही.

गांडुळांबद्दल बऱ्याच लोकांना माहीत नसतं की बर्फाखाली गेलेल्या उत्तर अमेरिकेच्या ह्या भागात मूळची गांडुळं उरलीच नव्हती. बर्फ गेल्यानंतरची जंगलं गांडुळांशिवायच वाढली, पालापाचोळा सावकाश कुजतो आणि जाड थर होतो ह्याचं तेही एक कारण आहे. आज तिथे जी दिसतात ती बहुतेक युरोपातून आलेली, मासेमारीच्या आमिषातून, रोपांच्या मातीतून पसरलेली, आणि मेपलच्या जंगलात ती पाल्याचा थर काही वर्षांत खाऊन टाकतात, मग त्या थरात उगवणारी फुलझाडं, मेपलची रोपं नाहीशी होतात. कोरड्या आम्लधर्मी पाइनच्या वाळूत ती फार टिकत नाहीत हे खरं, पण म्हणून आपण नेऊन सोडायची गरज नाही. मासेमारी करून उरलेली गांडुळंही जंगलात टाकू नका, कचऱ्यात टाका.

प्रश्न: विहीर आणि सेप्टिक टँक दोन्ही त्याच वाळूत आहेत. पाणी तर लगेच मुरतं, मग चांगलंच ना?

मुरतं म्हणून सांडपाणी वर येत नाही एवढंच चांगलं. अशा वाळूत पाणी तासाला पंधरा सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त वेगाने खाली जाऊ शकतं, म्हणजे गाळून शुद्ध व्हायला वेळच मिळत नाही, आणि नायट्रेट तर वाळू अडवतच नाही. विहीर भूजलाच्या प्रवाहाच्या वरच्या बाजूला हवी, सेप्टिक खालच्या बाजूला, अंतर स्थानिक आरोग्य खात्याच्या नियमाप्रमाणे, आणि पाण्याची नायट्रेट आणि जिवाणूंची तपासणी दर वर्षी करा. पेट्रोल, रंग, तणनाशक जमिनीवर सांडू देऊ नका, चिकणमातीत ते वर अडकलं असतं, इथे सरळ खाली जाईल.

प्रश्न: आगीने ही माती सुधारते की बिघडते? दोन्ही वाचायला मिळतं.

आग कशी होती त्यावर आहे. जॅक पाइनची बरीच शंकू राळेने बंद असतात, साधारण पन्नास अंश सेल्सियसच्या पुढे ती उघडतात, म्हणजे ह्या झाडाने आग गृहीतच धरली आहे. न्यूयॉर्क राज्यात ऑल्बनीजवळ हिमयुगातल्या ऑल्बनी तळ्याच्या त्रिभुज प्रदेशातल्या वाळूवर पिच पाइन आणि खुरट्या ओकचं जंगल आहे, तिथे रानटी ल्युपिन नावाचं फुलझाड उगवतं आणि कार्नर ब्लू नावाचं छोटं निळं फुलपाखरू अळी असताना फक्त त्या ल्युपिनवरच जगतं. आग थांबवली की झाडं दाट होतात, ल्युपिन सावलीत मरतं, फुलपाखरूही जातं, १९९२ मध्ये ते धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत टाकावं लागलं. आता तिथे ठरवून, लहान लहान तुकड्यांत आग लावतात आणि फुलपाखरू पुन्हा वाढलंय. वरवर झर्रकन गेलेली आग सुयांमधलं अन्न मोकळं करते, बियांना उघडी वाळू मिळते.

पण तोडलेल्या फांद्यांचे ढीग पडलेत, कोरडा उन्हाळा आहे आणि तीच जमीन पुन्हा पुन्हा जळतेय, असं झालं तर पालापाचोळ्याचा अख्खा थर जातो, नायट्रोजन धुरातून उडतो, राखेतलं बाकी पहिल्या पावसात वाळूतून खाली. अप्पर पेनिन्सुलातलं किंग्स्टन प्लेन्स हे त्याचं ढळढळीत उदाहरण, तिथे शंभरहून जास्त वर्षांपूर्वी तोडलेल्या पाइनचे बुंधे अजून उघड्या मैदानात उभे आहेत आणि बऱ्याच भागात जंगल परत आलेलंच नाही.

प्रश्न: फील्डवर्कला जाणार आहोत. तळ्यातली वाळू, नदीने पसरलेली वाळू आणि वाऱ्याची वाळू ओळखायची कशी?

एका खुणेवर विसंबू नका. खड्ड्याची एक बाजू फावड्याने सरळ तासा, थोडी सुकू द्या, मग थर उठून दिसतात. बर्फाच्या पाण्याच्या नदीने टाकलेल्या मालात वाळूबरोबर गोटे येतात, थर तिरपे आणि पटापट बदलणारे, इथे जाडी रेती तर हातभर पुढे बारीक. तळ्याच्या काठची वाळू एका मापाची, थर आडवे आणि लांबवर जाणारे, मधे गाळाचे पातळ पट्टे, आणि खूप खोल गेलात तर कदाचित पट्ट्यापट्ट्यांची चिकणमाती लागेल. वाऱ्याची वाळू बारीक ते मध्यम, गोटा एकही नाही, गाळाचा पट्टाही नाही, आणि जमिनीला टेकडीचा आकार. थेट बर्फाने टाकलेला माल ह्या सगळ्यांपासून लगेच वेगळा कळतो, धोंड्यापासून चिकणमातीपर्यंत सगळं एकत्र कालवलेलं.

एक सावध सूचना, झाडं उन्मळून पडतात तेव्हा मुळांबरोबर माती वर येते आणि थर उलटेपालटे होतात, त्या जागी खड्डा आणि शेजारी उंचवटा अशी जोडी शेकडो वर्षं, कधी त्याहून जास्त टिकते. खड्डा अशा जोडीवर घेतलात तर राखाडी थर दोनदा दिसेल किंवा दिसणारच नाही आणि तुम्ही भलताच निष्कर्ष काढाल. जमीन सपाट असेल अशी जागा निवडा.

बरोबर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची छोटी बाटली ठेवा, गॉगल आणि हातमोजे घालून वापरा. वरच्या मातीवर थेंब टाकलात तर काही होणार नाही, तिथला चुना कधीच धुवून गेलाय, पीएच चार-पाचच्या घरात असेल. खाली जाता जाता जिथे पहिल्यांदा फेस येईल ती खोली मोजून वहीत लिहा. मूळ मालात चुनखडी होती आणि पाऊस इतक्या वर्षांत कुठवर पोचला हे त्यातून कळतं. फेस कुठेच आला नाही तर तेही लिहा.